तान्ह्या बाळाचा स्वभाव आणि श्वासाचा त्रास : घरोघरच्या आया-आज्या वारंवार विचारतात ते प्रश्न

मी बालरोग विभागात परिचारिका होते. नोकरी सुटली तरी सांगली, मिरज, तासगाव, वाळवा भागातल्या आयांचे निरोप येणं थांबलेलं नाही. त्यातले निम्मे बाळाच्या रडण्याचे आणि निम्मे छातीतल्या आवाजाचे असतात. बऱ्याच निरोपांत या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. "किरकिऱ्या स्वभावामुळे धाप लागते का?" असं कितीतरी जणींनी विचारलं आहे, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवते. एकाच प्रश्नासाठी आला असाल तर तेवढाच वाचा. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज आहे तिथे त्याचा आकडा दिला आहे.

१. एवढ्याशा बाळाला स्वभाव असतो का? की आपणच लाडावून ठेवतो?

असतो, आणि तो जन्मापासून दिसायला लागतो. आंघोळ घालणाऱ्या मावशींना विचारा. पायांवर घेतल्याबरोबर एक बाळ कोमट पाण्याने सुस्तावतं आणि दुसरं पहिल्याच तांब्याला आळी गोळा करतं. पाणी तेच असतं आणि हातही तेच असतात.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये मुलांचा बाळपणापासून मागोवा घ्यायला सुरुवात केली. चळवळेपणा, झोपे-भुकेची नियमितता, नव्या माणसाला दिलेला प्रतिसाद, रडण्या-हसण्याचा जोर अशा नऊ गोष्टी ते पाहत होते. सुमारे ४० टक्के मुलं सोपी निघाली, १० टक्के अवघड आणि १५ टक्के हळूहळू रुळणारी. उरलेली ३५ टक्के कुठल्याच खणात बसली नाहीत. मला हा शेवटचा आकडा सगळ्यात खरा वाटतो. बाळावर एकच शिक्का मारायची घाई करू नये.

२. बाळ दिवसभर रडतं. रडून रडून पुढे दमा होईल का?

नाही. रडण्याने फुप्फुसं खराब होत नाहीत. "रडू दे, छाती मजबूत होते" हेही खरं नाही. निरोगी बाळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उतरतं. अमेरिकेत टूसॉन इथे १९८० पासून जन्मलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. पोटदुखीसारखं तासन्‌तास रडणाऱ्या बाळांना पुढे दमा जास्त झाला का, हे त्यात तपासलं, तेव्हा तसा संबंध आढळला नाही.

मात्र रोजचं रडणं वेगळं आणि एके दिवशी अचानक बदललेलं रडणं वेगळं. त्यासाठी प्रश्न ६ पाहा.

३. मग स्वभाव आणि दमा यांचा काहीच संबंध नाही का? मोबाइलवर तर आहे असं वाचलं.

संबंध दिसतो, पण स्वभावामुळे दमा झाला असा त्याचा अर्थ होत नाही. हे उत्तर जरा सावकाश वाचा, कारण इथेच आईला नको तो दोष लागतो.

कधी दोन्हींचं मूळ एक असतं. बाळ दिवसांआधी जन्मलं तर त्याची फुप्फुसं कच्ची असतात आणि त्याला शांत करायलाही जास्त वेळ लागतो. गरोदरपणात तंबाखूचा धूर अंगात गेला, तर छातीत सूं-सूं होण्याची आणि पुढे चिडखोर वागण्याची अशा दोन्ही शक्यता वाढतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी बुजऱ्या मुलांचा बरीच वर्षं अभ्यास केला. अशा मुलांच्या नातेवाइकांत परागकणांची ॲलर्जी जास्त असल्याचं त्यांच्या गटाने नोंदवलं होतं. तीही बहुधा रक्तातून आलेली सामाईक गोष्ट असावी.

कधी बाण उलटा असतो. ज्याचं नाक चोंदलंय, त्वचा खाजतेय, खोकल्याने झोप तीनदा मोडतेय, ते बाळ किरकिर करणारच. आपण त्याला स्वभाव म्हणतो आणि मूळ आजार तसाच राहतो.

तिसरी वाट घराच्या ताणाची. बॉस्टनमध्ये दम्याचा वा ॲलर्जीचा इतिहास असलेल्या घरांतल्या बाळांचा अभ्यास झाला. बाळ दोन-तीन महिन्यांचं असताना ज्या घरात सांभाळणाऱ्या माणसावर जास्त ताण होता, तिथल्या बाळांत पहिल्या १४ महिन्यांत वारंवार सूं-सूं होण्याचं प्रमाण जास्त निघालं. हे वाचून "म्हणजे आईचंच चुकलं" असं म्हणणारं कुणी घरात असेल, तर त्यांना हे उत्तर पुन्हा वाचून दाखवा. यातून करायचं ते एवढंच : रडणाऱ्या बाळाला दिवसातून दोनदा दुसऱ्या कुणीतरी घ्यायचं आणि आईला झोपू द्यायचं. बाबांनी घ्यावं, आजोबांनी घ्यावं. आजोबांच्या खांद्यावर कितीतरी बाळं पटकन शांत होताना मी पाहिली आहेत.

४. दीड वर्षाचा मुलगा मनाविरुद्ध झालं की रडता रडता श्वास धरतो, निळा पडतो, डोळे फिरवतो. सासूबाई म्हणतात हट्टीपणा आहे. खरं का?

मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. ज्या आईने हे एकदा पाहिलं, तिच्या पोटातला गोळा मला माहीत आहे.

मूल हे मुद्दाम करत नाही. राग आला, काही हिसकावलं किंवा लागलं, की ते जोरात रडतं, श्वास बाहेर सोडतं आणि पुढचा आत घ्यायचा तिथे अडकतं. ओठ निळे होतात, अंग ढिलं किंवा ताठ होतं, कधी क्षणभर शुद्ध जाते. मग शरीरच श्वास सुरू करतं. बहुतेक वेळा हे सगळं मिनिटाच्या आत संपतं. साधारण ५ टक्के निरोगी मुलांत हे दिसतं. सहा महिन्यांनंतर सुरू होतं आणि सहा वर्षांपर्यंत जवळजवळ सगळ्यांचं थांबतं. असा त्रास असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या वागणुकीची तुलना झाली आहे, आणि त्यात ही मुलं जास्त हट्टी निघाली नाहीत.

त्या क्षणी त्याला कुशीवर, सपाट जागी झोपवा. तोंडात बोट, चमचा, पाणी काही घालू नका. हलवू नका, तोंडावर पाण्याचे सपकारे मारू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका. सावध झालं की जवळ घ्या आणि नेहमीसारखं बोला. मात्र ज्या वस्तूसाठी रडत होतं ती लगेच हातात देऊ नका. श्वास अडकणं त्याच्या हातात नसतं, पण "निळा पडलो की मोबाइल मिळतो" हे मूल फार लवकर शिकतं. अशा घरात दोन महिन्यांत सगळे जण मुलाला 'नाही' म्हणायला घाबरू लागतात. इतर मुलांना लावता तीच शिस्त यालाही लावा, फक्त भूक आणि झोप टळू देऊ नका. दमलेलं, भुकेलं मूल लवकर बिनसतं.

आणि रक्त तपासा. लोह कमी असलेल्या मुलांत हे झटके जास्त येतात, लोह दिल्यावर बऱ्याच जणांचे कमी होतात. (प्रमाण प्रश्न ५ मध्ये.)

पुढच्या गोष्टी असतील तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा : बाळ सहा महिन्यांपेक्षा लहान आहे, रडण्याशिवाय किंवा झोपेत झटका येतो, मिनिटापेक्षा जास्त टिकतो, नंतर बराच वेळ सुस्ती राहते. काही मुलं निळी न पडता पांढरीफटक पडतात, बहुधा किरकोळ लागल्यावर किंवा दचकल्यावर. त्यांचा ईसीजी एकदा काढून घ्यावा, विशेषतः घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल तर.

५. लोहाचं औषध किती द्यायचं?

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आशाताई सरकारी सिरप देतात : आठवड्यातून दोनदा १ मिली, त्यात २० मिलिग्रॅम लोह. तो सर्वांसाठीचा प्रतिबंधक डोस आहे. श्वास अडकणाऱ्या किंवा रक्त कमी असलेल्या मुलाचा उपचाराचा डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांनीच लिहून द्यावा. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या या वयाच्या सुमारे ६९ टक्के मुलांत रक्त कमी आढळलं होतं. तेव्हा "आमचं बाळ गुटगुटीत आहे, त्याला कशाला?" असं म्हणू नका. नुसत्या दुधावर वाढलेली गुटगुटीत बाळं मी पांढरीफेक पाहिली आहेत.

६. नुसतं रडणं कुठलं आणि धाप कुठली, हे घरी कसं ओळखायचं?

श्वास मोजा. मोबाइलवर एक मिनिट लावा, झबलं वर करा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, बाळाचा श्वास एकसारखा नसतो. रडताना मोजलेला आकडा उपयोगाचा नाही. झोपेत किंवा शांत असताना मोजा.

दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर श्वास जलद आहे. त्याच दिवशी दवाखाना.

'पोट उडतंय' या शब्दाने मात्र घोटाळा होतो. लहान बाळ पोटानेच श्वास घेतं, त्यामुळे पोट हलणं ठीक आहे. श्वास आत घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो का ते पाहा. तो पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येत असेल, ओठ-जीभ निळसर असेल, दूध ओढता येत नसेल किंवा बाळ उठवूनही उठत नसेल, तर मोजत बसू नका. १०८ ला फोन करा. पोटावर बिब्बा किंवा चटका देण्यात गेलेला प्रत्येक तास बाळाचा असतो.

७. आमची मुलगी फार शहाणी, रडतच नाही. म्हणजे काळजी नाही ना?

माझी धाकटी अशीच होती. पाच महिन्यांची असताना सर्दी झाली. ती किरकिरली नाही, नुसती पडून राहिली. मी रोज दुसऱ्यांच्या बाळांचे श्वास मोजायचे, पण घरी "ही शांतच आहे" म्हणून दीड दिवस काढला. रात्री पाजायला घेतली तर चार घोट घेऊन तिने तोंड सोडलं आणि धापा टाकायला लागली. तेव्हा मोजला तो ६६ भरला. न्यूमोनिया होता. बरी झाली, आता कॉलेजात आहे. पण ते दीड दिवस मी विसरलेले नाही.

किरकिरं बाळ स्वतःच बोंब मारतं आणि घर हलतं. शांत बाळाचा आजारही शांत असतो. म्हणून सर्दी-खोकल्यात त्याचा श्वास दिवसातून दोनदा ठरवून मोजा. दूध मध्येच सोडतं का, लंगोट कमी ओले होतात का, ओळखीच्या चेहऱ्याला हसायचं थांबलं का, एवढं पाहा. आजारपणात बाळ स्वतःच्या नेहमीच्या तऱ्हेपासून किती सरकलं, हे आईला सगळ्यांत आधी कळतं. डॉक्टरांना ते शब्दांत सांगा : "ही एरवी अशी नसते."

८. वीस दिवसांचं बाळ झोपेत मध्येच श्वास थांबवतं. नॉर्मल आहे का?

नवजात बाळ भरभर श्वास घेतं, पाच-दहा सेकंद थांबतं, पुन्हा सुरू करतं. एवढं चालतं. थांबणं २० सेकंदांवर गेलं, किंवा थांबताना रंग बदलला, अंग ढिलं पडलं, तर ताबडतोब रुग्णालय. दिवसांआधी जन्मलेल्या बाळाबाबत तर जराही वाट पाहू नका.

९. दूध पिताना चिडतं, नाकातून घुरघुर आवाज येतो. कफ आहे का?

बहुधा नाक चोंदलेलं असतं. लहान बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं, त्यामुळे नाक बंद असताना अंगावर पिणं त्याला जमत नाही आणि ते चिडून मान फिरवतं. पाजण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब घाला. तेल घालू नका, ते फुप्फुसात उतरून वेगळाच न्यूमोनिया होऊ शकतो. बोंडल्याने आडवं पाडून गुटी किंवा दूध पाजणंही त्याच कारणासाठी बंद करा.

आवाज श्वास आत घेताना, बारीक शिटीसारखा येत असेल, रडताना आणि उताणं झोपल्यावर वाढत असेल, आणि पहिल्या काही आठवड्यांतच सुरू झाला असेल, तर स्वरयंत्राचा भाग मऊ असण्याची शक्यता असते. बहुतेकांचं दीड-दोन वर्षांत आपोआप जातं. वजन वाढत नसेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

१०. बाळ किरकिरायला लागलं की आम्ही दृष्ट काढतो, ओव्याची धुरी देतो. त्यात काय वाईट?

दृष्ट काढण्यामागची माया मला कळते. माझ्या आईनेही काढली आहे. मीठ-मोहऱ्या ओवाळा, पण मिरच्या निखाऱ्यावर टाकायच्या असतील तर अंगणात, धूर घराकडे येणार नाही अशा बाजूला, बाळ घरात ठेवून टाका. मिरचीच्या खाटाने मोठ्यांना ठसका लागतो. बाळाची श्वासनळी तर किती बारीक! धुरी कुठलीच नको, ओव्याचीही नको आणि बाळंतशेपाचीही नको. शेगडीची ऊब हवी असेल तर खोली आधी तापवून, शेगडी बाहेर काढून मग बाळाला न्या.

आपल्या भागाचे आणखी दोन धूर कुणी मोजत नाही. एक मिशेरी भाजण्याचा. तव्यावर तंबाखू जाळली की तो धूर पाळण्यापर्यंत जातो. मिशेरी सोडवत नसेल तरी निदान घरात भाजू नका. (गरोदर असाल तर सोडाच, प्रश्न ३ पाहा.) दुसरा उसाचा. ऊस गेला की पाचट पेटवतात, आणि संध्याकाळच्या थंड हवेत तो धूर शिवारावर बसून राहतो. अशा संध्याकाळी खिडक्या लावा, बाळाला ओट्यावर घेऊन बसू नका. पाचट न जाळता सरीत कुजवणारे शेतकरी वाळव्यात आणि कराडकडे पुष्कळ आहेत. जमिनीचं भलं होतं आणि पोरांच्या छातीचंही.

११. दर पावसाळ्यात छाती वाजते. दमाच म्हणायचा का?

प्रश्न २ मधल्या टूसॉनच्या अभ्यासात सहा वर्षांपर्यंत जवळजवळ निम्म्या मुलांची छाती कधी ना कधी वाजली होती. सुमारे २० टक्के मुलांचं तीन वर्षांच्या आत सुरू होऊन सहाव्या वर्षापर्यंत थांबलं, सुमारे १४ टक्क्यांचं टिकून राहिलं, आणि १५ टक्क्यांचं तीन वर्षांनंतर सुरू झालं. म्हणून लहान वयात डॉक्टर 'दमा' म्हणायला वेळ घेतात. आईवडिलांना दमा किंवा मुलाला खरूज नसून खाजरी, कोरडी त्वचा असेल, सर्दी नसतानाही छाती वाजत असेल, तर शक्यता वाढते.

१२. पंपाचा मास्क लावला की आकांत करते. झोपेत लावू का?

झोपेत लावला की बहुतेक मुलं जागी होऊन जास्तच बिथरतात. रडताना लावला तर औषध तोंडात-घशात बसतं, फुप्फुसात फारच थोडं पोचतं. "रडताना मोठा श्वास घेते, म्हणजे औषध जास्त जातं" हा समज चुकीचा आहे.

इथे स्वभाव ओळखणं कामाला येतं. हळू रुळणाऱ्या मुलीला मास्क आजारी नसतानाच खेळायला द्या. चार-पाच दिवस बाहुलीला लावा, बाबांना लावा, मग तिला, आधी पंप न दाबता. चळवळ्या मुलाला आधीपासून धरून ठेवू नका. सगळं तयार करून, पंप हलवून, मगच मांडीवर घ्या आणि पाच-सहा श्वास मोठ्याने मोजा. स्पर्शाला चिडणाऱ्या बाळाला मास्कची गार कड सहन होत नाही, ती हाताने कोमट करून लावा. दोन्ही वेळा तीच जागा, तेच गाणं. तीव्र धाप असेल तेव्हा मात्र रडली तरी औषध द्यायचंच आणि निघायचं.

१३. औषध सुरू केल्यापासून मुलाचा स्वभावच बदलला.

हे खरं असू शकतं. धाप लागल्यावर देतात त्या साल्बुटामॉलने हात थरथरणं, चुळबुळ, झोप उडणं होतं, ते काही तासांत उतरतं. तोंडाने दिलेल्या स्टेरॉइडच्या दिवसांत चिडचिड आणि भूक वाढते. माँटेलुकास्ट या दम्या-ॲलर्जीच्या गोळीबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये सर्वांत कडक इशारा दिला : वाईट स्वप्नं, आक्रमकपणा, उदासी असे बदल होऊ शकतात. ही गोळी आपल्याकडे सर्दीलासुद्धा महिनोन्‌महिने चालू राहिलेली मी पाहिली आहे. बदल कधी सुरू झाला ती तारीख लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. रोजचा प्रतिबंधक पंप मनाने बंद करू नका.

१४. साडेतीन वर्षांचा आहे. रात्री घोरतो, तोंड उघडं टाकून झोपतो आणि दिवसा अंगणवाडीत मारामारी करतो. ताई म्हणतात वळण लावा.

वळण लावण्याआधी नाकामागची गाठ तपासा. रात्रभर श्वास अडखळला तर मोठं माणूस दिवसा पेंगतं, लहान मूल मात्र उलट चेकाळतं. ब्रिटनमध्ये ११ हजारांहून अधिक मुलांच्या पाहणीत बाळपणापासून घोरणं आणि तोंडाने श्वास असलेल्या मुलांत चार आणि सात वर्षांच्या वयात वागणुकीच्या अडचणी जास्त दिसल्या. शस्त्रक्रियेबद्दल मात्र मोठ्या आशा लावू नका. अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेल्या चाचणीत गाठी-टॉन्सिल काढल्यावर झोप आणि वागणूक सुधारली, पण लक्ष देण्याच्या चाचणीत म्हणावा तसा फरक पडला नाही. न काढलेल्या मुलांपैकीही बऱ्याच जणांची झोप सात महिन्यांत आपोआप सुधारली. तेव्हा झोपेतला दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा आणि मग ठरवा.

१५. खेळता खेळता अचानक ठसका लागला, आता शांत आहे. चिडका आहे म्हणून झालं असेल का?

असं कधीच धरू नका. चांगल्या खेळत्या मुलाला अचानक ठसका लागला की आधी शेंगदाणा आठवायचा. आपल्या घरात शेंगा, डाळं, तासगावचे बेदाणे, द्राक्षं कायम हाताशी असतात. दाणा खाली उतरला की ठसका थांबतो, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि महिनाभर एकाच बाजूची छाती वाजत राहते. एकदा तरी अचानक ठसका लागला होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, मूल शांत असलं तरी. चार वर्षांपर्यंत अख्खा दाणा नको. कूट द्या. द्राक्ष उभं चिरून द्या.

वर्षाच्या आतल्या बाळाचा श्वास पूर्ण अडकला, आवाजच निघत नसेल, तर त्याला पालथं, डोकं खाली करून हातावर घ्या, दोन खवाट्यांच्या मध्ये पाच थापट्या द्या. मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच वेळा दाबा. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालू नका. दुसऱ्याने तोवर १०८ लावावा.

१६. माझ्या मुलीला दमाही आहे आणि ती रडताना श्वासही धरते. कुठलं काय, कसं ओळखू?

क्रम पाहा. आधी राग किंवा मार, मग रडणं, मग श्वास अडकणं, आणि मिनिटात सगळं ठीक, तर ते प्रश्न ४ मधलं. आधी खोकला किंवा सूं-सूं, मग बेचैनी, आणि रडणं थांबल्यावरही श्वास जलद राहतो, तर तो दमा. पंप त्यासाठीच, श्वास धरण्यावर पंपाचा उपयोग नाही. दोन्हींची वेगळी वही ठेवा, डॉक्टरांचं काम निम्मं होतं.

एक अपवाद लक्षात असू द्या. रात्री अचानक कुत्र्याच्या भुंकण्यासारखा खोकला आणि श्वास आत घेताना घर्र आवाज आला, तर ती घशाची सूज असते, आणि त्यात रडण्याने खरोखरच त्रास वाढतो. पटकन बिथरणाऱ्या मुलीला अशा वेळी आडवी करू नका, चमच्याने घसा पाहू नका, दिवे-गर्दी करू नका. मांडीवर ताठ बसवून, तिची आवडती गोधडी अंगावर घेऊन तसंच दवाखान्यात न्या. तिथेही "तिला माझ्याच मांडीवर तपासा" असं न लाजता सांगा.